लेखणी हाती घेतलेली उपदेशिका

१८४४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे छापलेल्या एका व्यक्तिचित्राचा परिचय आम्ही वाचकांना करून देऊ इच्छितो. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली जेथे वैद्यकीय पदवी संपादन केली, तेच हे शहर. हॉफी या चित्रकाराच्या चित्रावरून ड्युव्हल यांच्या शिळाछापखान्यात हे चित्र छापले गेले. त्यातील कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव जरीना ली. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यांवर शाल, हाती लेखणी आणि मुद्रेवर शांत निश्चय. चित्राखालच्या ओळीत आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या उपदेशिका असा त्यांचा उल्लेख आहे.

त्या काळी ग्रंथकारांची चित्रे अशीच काढली जात. मग यात विशेष ते काय? विशेष हे, की याच शहरात १८२८ ते १८३० या काळात एडवर्ड क्ले याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांची टर उडवणारी चित्रमाला काढली होती. त्यांचा नीटनेटका पोशाखही तिथे थट्टेचा विषय झाला होता. या पार्श्वभूमीवर जरीनाबाईंची स्वच्छ टोपी हे त्या थट्टेला दिलेले उत्तरच ठरते.

तरीही चित्रात एक उणीव आम्हांस जाणवते. ते फार शांत आहे. वयाच्या सातव्या वर्षी आईवडिलांपासून दूर होऊन परक्या घरी मोलकरीण म्हणून राहिलेल्या, आणि पुढे १८२७ या एकाच वर्षात २,३२५ मैलांचा प्रवास करून १७८ प्रवचने देणाऱ्या बाईंच्या पायांची धूळ या चित्रात कोठेही दिसत नाही.

आणि तो संघर्षही दिसत नाही. प्रवचनाची परवानगी मागितली तेव्हा रिचर्ड ॲलन यांनी, स्त्रियांच्या प्रवचनाला नियमांत स्थान नाही, असे सांगून नकार दिला. काही वर्षांनी बेथेल चर्चमध्ये योनाविषयी प्रवचन करता करता उपदेशक अडखळले. तेव्हा जरीनाबाई जागेवरून उठल्या आणि त्यांनी तोच विषय पुढे नेला. आता बिशप झालेल्या ॲलन यांनी त्यांचे पाचारण तेथेच मान्य केले. परंतु दीक्षा मिळाली नाही. त्यांचे विस्तारित आत्मचरित्र छापण्यास चर्चच्या ग्रंथसमितीने नकार दिला. १८४९ साली त्यांनी ते स्वखर्चाने प्रसिद्ध केले आणि हेच चित्र त्याच्या आरंभी झळकले. संस्थेने जे दिले नाही, ते त्यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ठेवले. हातातील लेखणीचा खरा अर्थ येथे उलगडतो. चर्चने त्यांना मरणोत्तर दीक्षा दिली ती २०१६ साली, त्यांच्या मृत्यूला दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर.

मेथडिस्टांची धर्मसेवेची व्यवस्था निराळी आणि आम्हां कॅथलिकांची निराळी. तो भेद पुसण्याचा आमचा हेतू नाही. पण श्रद्धावंत स्त्रीच्या तसबिरीला हार घालणे सोपे असते आणि सभेत तिचा शब्द ऐकून घेणे अवघड जाते, हा अनुभव कोणत्याही धर्मग्रामाला परका नसावा. जरीनाबाईंच्या हातातील लेखणी अजून कागदावर टेकलेली आहे. ती काय लिहिते आहे, हे वाचण्याची तसदी आपण त्यांच्या हयातीनंतर तरी घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.