लाल रेघ आणि ऱ्हस्व-दीर्घ

मराठी प्रश्नपत्रिका, शाळेचा अहवाल, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे आता संगणकावर तयार होतात. त्याबरोबर एक समजूतही रुजली आहे : शुद्धलेखन स्पेलचेक सांभाळील, मग शिक्षकांनी आणि मुलांनी त्यात वेळ का घालवावा? ही समजूत तपासून पाहायला हवी. त्यासाठी हे यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू.

साध्या स्पेलचेकला भाषा येत नाही. त्याच्यापाशी शब्दांची यादी असते. लिहिलेला शब्द यादीत सापडला तर ते गप्प राहते, नाही सापडला तर खाली लाल रेघ ओढते आणि यादीतले जवळचे शब्द सुचवते. 'जवळचे' म्हणजे किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतील याची मोजणी. ही मोजणी लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडली.

इंग्रजीत एका शब्दाची रूपे थोडी असल्याने यादी पुरते. मराठीत तसे नाही. इंदापूर तालुक्यातील सणसर-भवानीनगर हा साखर कारखान्याचा परिसर. तिथला रोजचा शब्द घेऊ. ऊस, उसाला, उसाचा, उसात, उसापासून, उसासाठी. शिवाय 'उसासाठीच', 'उसापासूनही'. अशी सगळी रूपे यादीत भरणे अशक्य. म्हणून मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळे द्यावे लागतात. 'हनस्पेल' ही प्रणाली लास्लो नेमेथ यांनी अशाच प्रत्ययबहुल हंगेरियन भाषेसाठी रचली आणि पुढे ती अनेक भाषांना उपयोगी पडली.

पण नियम देणे सोपे नाही. 'ऊस', 'गूळ', 'जमीन' यांतला उपान्त्य स्वर दीर्घ; सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : उसाला, गुळाला, जमिनीला. मात्र 'शरीर' तत्सम शब्द, म्हणून 'शरीराला'. म्हणजे प्रत्येक शब्द कोणत्या घरचा हे माणसाने आधी यंत्राला सांगायला हवे. न सांगितल्यास चुकीचे रूप सुटते किंवा बरोबर रूपाखाली रेघ येते. विज्ञानाच्या शिक्षकांना दुसऱ्या प्रकाराचा अनुभव असेलच. पारिभाषिक शब्द यादीत नसले की निर्दोष परिच्छेदही लाल दिसतो.

याहून मोठी अडचण अर्थाची. 'हाताची शिर कापली' या वाक्याखाली साधे स्पेलचेक रेघ ओढणार नाही. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी; दोन्ही शब्द यादीत असायलाच हवेत. 'दिन' आणि 'दीन', 'पाणि' आणि 'पाणी' यांचेही तेच. नवे कार्यक्रम आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज बांधतात आणि अशा चुका पुष्कळदा पकडतात. पण तो अंदाज वाचलेल्या मजकुरावर बेतलेला असतो. त्या मजकुरात चूकच रूढ असेल, तर बहुमताने चूकही खपून जाऊ शकते.

यंत्रावर भिस्त ठेवली की माणसाचे काय होते? पिट्सबर्ग विद्यापीठातील डेनिस गॅलेटा आणि सहकाऱ्यांनी ३३ विद्यार्थ्यांना एक पत्र तपासायला दिले; हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. यंत्राच्या मदतीविना भाषेत हुशार गटाकडून सरासरी ५ चुका राहिल्या, दुसऱ्या गटाकडून १२.३. यंत्राची मदत घेतल्यावर हेच आकडे १६ आणि १७ झाले. रेघ नाही म्हणजे चूक नाही असे मानल्यावर जाणकाराची नजरही सुस्तावते. प्रयोग लहान आहे आणि इंग्रजीतला आहे, तरी त्यातला इशारा आपल्यालाही लागू पडावा.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शुद्धलेखन हा निसर्गनियम नव्हे, संकेत आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली लागू होण्यापूर्वी 'नांव', 'गांव' असे लिहिणारे आजोबा अडाणी नव्हते. तेव्हाचा संकेतच तसा होता. घरी 'पानी' म्हणणारे मूल 'पानी' लिहिते तेव्हा ते आपल्या कानाशी प्रामाणिकच असते. यंत्र त्याखाली रेघ ओढते, पण कारण सांगत नाही. "तुझे बोलणे चूक नाही, पुस्तकात लिहिण्याची रीत वेगळी आहे," हे शिक्षकच सांगू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर शाळा बदलणाऱ्या मुलाला या एका वाक्याची गरज सर्वांत जास्त असते. कारण न कळता सारख्या रेघाच दिसल्या, तर ते मूल लिहिणेच टाळू लागेल.

तेव्हा यंत्र फेकून देऊ नये. बोट घसरून झालेल्या चुका ते झटकन दाखवते. त्याची जागा मात्र शेवटची असावी. वर्गात हे करून पाहता येईल : दहा चुकांचा एक परिच्छेद तयार करा, त्यातल्या चार चुका 'शिर-शीर' जातीच्या ठेवा. मुलांनी आधी स्वतः तपासावा, मग यंत्राने. कोणी काय पकडले याचा तक्ता फळ्यावर मांडा आणि प्रत्येक चुकीचे कारण मुलांनाच सांगू द्या. ज्याला कारण सांगता येते त्याला शुद्धलेखन येते. रेघ पाहून शब्द बदलणाऱ्याला फक्त बटण दाबता येते.