वस्तीत बघायचा सिनेमा : ‘जय भीम कॉम्रेड’

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट एकट्यानं बघणं वेगळं आणि वस्तीत बसून बघणं वेगळं. २०१२च्या सुरुवातीला मुंबईत भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीच्या आवारात तो लोकांपुढं आला. बघणारे आणि पडद्यावरचे तिथं एकाच जगातले होते. त्याचं मोजमाप तिथूनच सुरू करायला पाहिजे, महोत्सवातल्या बक्षिसांपासून नको.

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी राहत्या घरी जीव दिला. डाव्या चळवळीत गाणाऱ्या या माणसानं शेवटी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. सिनेमाचं नाव आणि सिनेमाचा प्रश्न, दोन्ही त्या पट्टीत आहेत. घोगरे पटवर्धनांच्या ‘बॉम्बे : हमारा शहर’मध्ये (१९८५) गायले होते, म्हणून ही ओळखीच्या माणसाची गोष्ट होती. काम चौदा वर्षं चाललं.

सिनेमाचं बळ गाण्यांत आहे. इथं गाणं मुलाखतींच्या मधली जागा भरायला येत नाही, मुद्दाच मांडतं. ज्यांच्याकडं कागदपत्रं कमी त्यांचा इतिहास गळ्यात राहतो. बसवकल्याण जवळ असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको, वचनंही गात गातच आपल्यापर्यंत आली. कमी पडतं ते सुखवस्तू लोकांना विचारलेल्या प्रश्नांत. त्यांचं अज्ञान आयतं हाती लागतं, प्रेक्षक हसतो आणि मोकळा होतो. उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरं येतात, जोर वाढतो, पण घोगरे जरा मागं पडतात. मला ते खटकलं.

हे सगळं मुंबईचं, आपलं काय, असं इकडं कुणी म्हणेल. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढं त्याचं नाव मिलिंद झालं, तेव्हा औरंगाबाद आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते. १९५६ला बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, हुमनाबाद, भालकी, औराद इकडं राहिले. सीमारेषा नंतरची आहे, नातं आधीचं.

दुबलगुंडीत हा सिनेमा दाखवायचा तर चर्चेला बाहेरून प्राध्यापक आणू नये. गावातलाच भजनी किंवा गाणारा पुढं बसवावा, ज्याला मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही चालतात. बाहेरच्या वक्त्यापुढं लोक माना हलवतात. गावच्या गायकाला मात्र ‘हे असं नव्हतं’ म्हणून अडवतात, आणि टिपून ठेवण्यासारखं तेव्हाच बाहेर येतं. त्यानं भाषण करू नये, एखादं जुनं गाणं म्हणावं आणि ते इथं कुणी आणलं एवढं विचारावं. उत्तरं वहीत उतरवायला मंडळाचा एकजण जवळ असावा.

सव्वातीन तास एका दमात बसवत नाही. घोगरे यांचा भाग पहिल्या रात्री, उरलेला दुसऱ्या. बायकांना यायचं तर भाकरी आटपायच्या वेळेनंतर, नऊला.