ताप उतरल्यावरची गोष्ट

मराठी वाङ्मयात आजारी मुलांची वाण नाही. वाण आहे ती त्यांच्या दुखण्याच्या खऱ्या चालीच्या वर्णनाची. हे विधान वाचकांस एखादे नवे खूळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून ह्या विचाराकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगणे बरे. आमचे एक माजी विद्यार्थी डहाणू तालुक्यात शिक्षक आहेत. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीस पेशींतील तंतुकणिकांचा जन्मजात विकार आहे. गेल्या पावसाळ्यात तिला साधा ताप आला आणि पाचव्या दिवशी तो उतरला. परंतु तापापूर्वी भिंतीस धरून चालणारी ही मुलगी ताप उतरल्यावर बसेनाशी झाली. तीन महिन्यांच्या खटपटीने ती पुन्हा बसू लागली; उभी अद्याप राहत नाही. हे सारे लिहून पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते की, सर, आमच्यासारख्यांची गोष्ट कोणी लिहिली असेल तर पुस्तकाचे नाव कळवावे, पत्नीस वाचून दाखवीन. तीस वर्षे वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या माणसास ह्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येऊ नये, ही गोष्ट लाजिरवाणी खरी. आम्ही आमची कपाटे धुंडाळली. जे हाती लागले आणि जे लागले नाही, त्याचा हा हिशेब आहे.

मुलाच्या दुखण्याचे आपल्या वाङ्मयास दोनच शेवट ठाऊक आहेत. मूल बरे होते, किंवा जाते. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'तील चिलया बाळाची कथा घरोघर ऐकलेली आहे. तेथे दुखणे नाही, परंतु मूल परत मिळण्याची आपली सारी कल्पना त्या कथेत साठविलेली आहे. अतिथीसाठी मायबापांनी जिवावर उदार होऊन दिलेला मुलगा आईच्या हाकेसरशी परत येतो. आणि विशेष हे की, तो जसा गेला तसाच येतो. त्याचे काही कमी झालेले नसते. दुसऱ्या टोकास गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता. तेथे मूल गेलेले आहे आणि आई ते निजले आहे असे समजून बोलते आहे. ह्या दोहोंच्या मधली जागा आपल्या साहित्याने जवळजवळ मोकळीच ठेविली आहे. इंग्रजी वाङ्मयाची स्थिती फारशी निराळी नाही. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१८४३) पांगळा टायनी टिम वाचतो. त्यानंतर तीनच वर्षांनी प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'डॉम्बी अँड सन'मध्ये लहानगा पॉल जातो. एकाच लेखकाने दोन्ही दारे उघडून दाखविली. तिसरे दार त्याच्याही घरास नव्हते.

ह्याचे कारण शोधू गेल्यास दोष आम्हां शिक्षकांकडेही येतो. कथेस आरंभ, मध्य आणि अंत असावा, आणि मध्यापासून अंताकडे जाताना दैवाचा एक मोठा पालट व्हावा, हे ॲरिस्टॉटलचे सूत्र आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते सूत्र खोटे नाही. परंतु ज्या दुखण्यात असा पालट वर्षातून तीन वेळा होतो आणि एकही पालट अखेरचा नसतो, त्या दुखण्याचे ह्या सूत्राने काय करावे?

ते दुखणे काय आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तंतुकणिका ह्या पेशींतल्या चुली होत. अन्न आणि प्राणवायू ह्यांपासून शरीरास लागणारी बहुतेक शक्ती त्या तयार करितात. मेंदू, स्नायू आणि हृदय ह्यांना ही शक्ती सर्वांत अधिक लागते. म्हणून चूल मंद असली की पहिली झळ त्यांनाच लागते. एरवी असे मूल आपल्या तुटपुंज्या शिधासामग्रीवर कसेबसे चालत असते. ताप आला की शरीराची मागणी वाढते आणि त्याच वेळी मूल जेवीनासे होते. मागणी आणि पुरवठा ह्यांत पडलेल्या ह्या अंतरात जे गमावले जाते, ते कधी सारे परत येते, कधी अर्धे येते, कधी येतच नाही. बालकांच्या मेंदूस ग्रासणारा ह्यांपैकी एक विकार डेनिस ली ह्यांनी १९५१ साली वर्णिला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तंतुकणिकांच्या स्वतःच्या जनुकद्रव्यातील दोषांमुळे माणसांस रोग होतात, हे १९८८ साली दाखविले गेले. ह्या विकारांच्या बहुतेक प्रकारांवर मुळापासून बरे करणारा उपाय आजही नाही. आईबापांच्या हाती राहते ते इतकेच : मुलास उपाशी राहू न देणे, पाणी कमी पडू न देणे, तापाची पहिली कणकण ओळखणे, वेळ न दवडता रुग्णालय गाठणे, आणि ताप उतरल्यावर गमावलेले एकेक कौशल्य पुन्हा पहिल्यापासून शिकविणे.

'उतार पडणे' हा आपला शब्दप्रयोग येथे किती अपुरा ठरतो पाहा. आपण तापास उतार पडला असे म्हणतो आणि गोष्ट संपवितो. ह्या घरांतली गोष्ट तापास उतार पडल्यावर सुरू होते.

ह्या कसोटीवर अलीकडची एक कलाकृती घासून पाहू. माधवी घारपुरे ह्यांच्या कथेवरून संदीप सावंत ह्यांनी काढलेला 'श्वास' हा २००४ चा चित्रपट योग्य कारणासाठी गाजला. कोकणातील आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगासाठी शहरात आणतात. जीव वाचवावयाचा तर दृष्टी द्यावी लागणार, हे सत्य त्या म्हाताऱ्यास स्वीकारावे लागते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तो नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवितो. बरे होणे आणि गमावणे एकाच वेळी घडू शकते, हे मराठी प्रेक्षकास इतक्या संयमाने क्वचितच कोणी सांगितले असेल. चिलया बाळाच्या कथेपुढे हे एक मोठे पाऊल आहे. तथापि ही हानीही एकदाच होते. हानीस दिवस ठरलेला आहे, तिची तयारी करता येते, तिचा निरोप घेता येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी निरोपाचा दिवस कोणी कळवीत नाही. मुलगी काल चालत होती. ते तिचे शेवटचे चालणे होते की नाही, हे आजही कोणी सांगू शकत नाही.

आता आईविषयी. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५) मराठी मनावर मातेची जी मूर्ती कोरली, तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्या पुस्तकानंतर आलेल्या असंख्य अनुकरणांनी आईला देव्हाऱ्यात बसविले आणि बापाला ओटीवर ठेविले. देव्हाऱ्यातल्या मूर्तीची एक अडचण असते : घरात काही विपरीत घडले की प्रथम तिच्याकडेच बोट दाखविले जाते. आमच्या विद्यार्थ्याच्या आप्तांनी कोठेसे वाचले की तंतुकणिका आईकडून येतात, आणि लगेच मुलीचे दुखणे 'आईकडचे' ठरले. वस्तुस्थिती अशी की, तंतुकणिकांचे स्वतःचे ३७ जनुक आईकडून येतात हे खरे. परंतु तंतुकणिकांच्या कामास पेशीकेंद्रातले शेकडो जनुक लागतात, ते आईबाप दोघांकडून येतात, आणि बालवयात दिसणाऱ्या ह्या विकारांपैकी बहुतेकांचे मूळ त्या जनुकांत असते. शिवाय जे आईकडून येते तेही तिने निवडून दिलेले नसते. अर्ध्या शास्त्राने जुन्या आरोपास नवे शब्द पुरविले, एवढेच. पूर्वी सटवाईचे लिखित म्हणून निदान माणसांस सोडून देत असत!

हे सारे एखाद्या विरळ रोगाविषयी आहे, असे म्हणून वाचकाने ते बाजूस सारू नये. डहाणू-तलासरीच्या ज्या पाड्यांतून आमच्या विद्यार्थ्याच्या शाळेत मुले येतात, त्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा विकार आढळतो. त्याची जात निराळी, परंतु घरातले त्याचे वागणे ओळखीचे आहे. तोही आईबाप दोघांकडून मिळून येतो. तोही तापाची, थंडीची, पाणी कमी पडण्याची वाट पाहत असतो. तशी वेळ आली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडतात, आणि मूल वेदनेने तळमळते. ताप जातो, मूल उठते. पण शाळेचे आठवडे गेलेले असतात, बापाची मजुरी बुडालेली असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबास हे दुखणे पाठीवर बांधूनच न्यावे लागते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या झाल्या, मुलांच्या हाती कार्डे आली. हे काम आवश्यकच आहे. परंतु कार्डावर रोगाचे नाव असते. पुढच्या तापात आईने रात्र कशी काढली हे लिहावयास त्यावर जागा नसते. ती जागा वाङ्मयाची आहे.

ह्या प्रदेशाने मराठीस दोन महत्त्वाची पुस्तके दिली आहेत. गोदावरी परुळेकर ह्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे वारल्यांच्या १९४५ च्या उठावाचे पुस्तक. वेठीखाली वाकलेला माणूस ताठ उभा राहतो, अशी त्याची सरळ चढती रेषा आहे, आणि उठावाच्या कथेस ती शोभते. अनुताई वाघ ह्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' ह्या मानाने कमी वाचले जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई ह्यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र. ह्या कामात विजयाचा एक दिवस नसतो. आज आलेले मूल उद्या गुरे घेऊन रानात जाते. त्याच्यामागे शाळा रानात न्यावी लागते. आणि परवा पुन्हा तेच. दुखण्याविषयीचे नसूनही हे पुस्तक आम्हांस आमच्या विद्यार्थ्याच्या घराच्या सर्वांत जवळचे वाटले, कारण पुन्हा आरंभ करण्याची लाज त्यात कोठेही नाही.

कोणी म्हणेल, असे वाङ्मय रटाळ होईल. तेच ते दुखणे आणि तीच ती शुश्रूषा किती वेळ वाचावयाची? ह्या आक्षेपास जपानी लेखक केन्झाबुरो ओए ह्यांनी आपल्या लेखनानेच उत्तर दिले आहे. त्यांच्या मुलाचा जन्म मेंदूतील व्यंगासह झाला. त्यावरून सुचलेली, 'अ पर्सनल मॅटर' ह्या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी त्यांनी १९६४ साली लिहिली, आणि बापाने मुलाचा स्वीकार केल्यावर ती संपविली. परंतु स्वीकार हा एका दिवसाचा समारंभ नव्हे, हे जणू ध्यानी येऊन पुढे ते अनेक पुस्तकांतून त्याच विषयाकडे परत येत राहिले. १९९४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाचक कंटाळले असते तर हे घडते ना. आणि आपल्याला जपानपर्यंत तरी कशास जावयास हवे? जात्यावरची ओवी ही रोजच्या पुनरावृत्तीतूनच जन्मली. काल दळलेले पीठ काल संपले. आज पुन्हा दळावयाचे. आणि तरी आजची ओवी कालची नव्हे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. त्या चित्रांतला तारपानाच आठवावा. मध्ये वाजविणारा, भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची वळत जाणारी साखळी. ती कोठेच 'पोचत' नाही, आणि ती अपुरी आहे असेही कोणास वाटत नाही. वारल्यांनी ते चित्र दुखण्यासाठी काढलेले नाही, हे आम्ही जाणतो. सरळ रेषेवाचूनही रचना पूर्ण होऊ शकते, एवढेच आम्हांस त्यातून दाखवावयाचे आहे.

अशा गोष्टीची वाण ही केवळ वाङ्मयाची उणीव नाही. माणसे आपले आयुष्य ऐकलेल्या गोष्टींच्या मापाने मोजतात. ज्यांनी फक्त बरे होण्याची गोष्ट ऐकली आहे, त्या आईबापांस मुलीचे तीन महिन्यांनी पुन्हा बसू लागणे हे अपयश वाटते, कारण ती पूर्वी चालत होती. ज्यांनी फक्त मरणाची गोष्ट ऐकली आहे, त्यांना प्रत्येक ताप शेवटचा वाटतो, आणि मधले बरे दिवस ते धास्तीत घालवितात. तिसरी गोष्ट त्यांना सांगू शकेल की, गमावलेले अर्धे परत आणणे हीही मोठी कमाई आहे. मुलगी पुन्हा बसली तो दिवस घरात गोड करण्याजोगा होता. आणि पुढच्या पावसाळ्यात हे सारे पुन्हा करावे लागले, तर त्यात कोणाचा पराभव नाही.

आम्ही विद्यार्थ्यास कळविले की, तुम्ही मागता तसे मराठी पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. तूर्त अनुताईंचे पुस्तक पाठवीत आहो. शिवाय असेही लिहिले की, तुम्ही दोघे एक वही ठेवा, आणि तिच्यात तापाच्या दिवसांइतकेच ताप उतरल्यावरचे दिवसही लिहा. वाचकांपैकी कोणास असे पुस्तक ठाऊक असल्यास संपादकांकडे त्याचे नाव कळवावे. तलासरी-डहाणूच्या वाटेवर ते ज्यांना हवे आहे अशी दोन माणसे तरी आहेत. आणि आमचा अंदाज असा की, ती दोघेच नसावीत.