रानातली शीळ, बागेतली शिट्टी

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता बहुतेकांना गाण्यामुळे ठाऊक आहे. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींच्या आवाजातली तिची ध्वनिमुद्रिका गाजली. याच नावाचा कवितासंग्रह यायला मात्र १९५४ साल उजाडलं. प्रेमकविता म्हणून ती पुष्कळ वाचली गेली आहे. मी हल्ली ती तिच्यातल्या जागेसाठी वाचते. शीळ रानभर जाते. तिला कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. मराठीत ‘रान’ हा शब्दच ऐसपैस आहे: जंगलही रान, पिकाचं शेतही रान. ‘गार्डन’ला मात्र दार असतं आणि वेळ असते.

आज त्याच जिल्ह्यात हिरवाईबद्दल काय बोललं जातं? बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. खाली राजूर घाट, खामगावच्या वाटेवर ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ या अभयारण्यात आला, त्याचं कौतुकही झालं. तरी ‘आमच्याकडे संध्याकाळी फिरायला जागाच नाही’ ही तक्रार मी इथे कायम ऐकते. ती खोटी नाही. ‘जागा’ म्हणजे बाक, दिवा, स्वच्छतागृह आणि एकटीने बसता येईल अशी सोबतीची गर्दी.

शेगावच्या आनंदसागरवर लोकांनी जीव लावला तो यासाठीच. गजानन महाराज संस्थानाने तिथे तलाव केला, तलावातल्या बेटावर ध्यानकेंद्र बांधलं, झाडं वाढवली. साध्या कुटुंबांना दिवसभर निर्धास्त वावरता येईल असं ठिकाण विदर्भात दुर्मीळच होतं. पण त्याची आठवण काढताना लोक आगगाडी सांगतात, कारंजी सांगतात, टापटीप सांगतात. तिथलं एखादं झाड कोणी नावानिशी सांगितलेलं मला आठवत नाही. म्हणजे मोल होतं ते देखरेखीचं. झाडं तिच्या मागे उभी होती.

लोणारला याची दुसरी बाजू दिसते. सरोवराला २०२०मध्ये रामसर दर्जा मिळाला. काठावरून पाहणाऱ्याला विवराचा सगळा उतार सारखाच हिरवा दिसतो. पण त्या हिरव्यात विलायती बाभूळही माजली होती. ती काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं. कुठलं झाड कुठे हवं, हे न विचारता केलेलं हिरवाईचं कौतुक असं फसतं.

म्हणून ‘रान चांगलं, बाग वाईट’ असा सोपा निकाल मला द्यायचा नाही. कवितेतल्या नायिकेला शीळ ऐकून ओढ लागते. माझ्या मैत्रिणींना रानात एकटं असताना शीळ ऐकू आली तर त्या भराभर पावलं उचलतील. कुंपणाने त्यांना काहीतरी दिलं आहे, हे रानाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

माझा आक्षेप बागेतल्या शिट्टीला आहे. ती रखवालदाराची असते. बाकावरच्या जोडप्यासाठी वाजते, हिरवळीवर आडवं झालेल्या मजुरासाठी वाजते. आणि पुष्कळ बागा नेमक्या दुपारी बंद असतात. मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा माणसाला लॉन नको असतं, सावली हवी असते. ती त्याला कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली मिळते. तिथे पक्षकार बसतात, रसवंतीवाला गाडी लावतो, बाजाराला आलेल्या बाया डबा सोडतात. त्या झाडाला उद्यान कोणी म्हणत नाही, म्हणून रस्ता रुंद करताना ते आधी जातं.

शहरातल्या हिरव्या जागांचं मोल लोकांना कितपत कळतं, असं आपण सवयीने विचारतो. ते बागेत संध्याकाळी फिरायला आलेल्यांनाच विचारलं, तर उत्तर ठरलेलं आहे. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, कुलूप लागलेल्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ते विचारायला हवं.