रेडिओची पेटी आणि गावची बैठक : एका प्रयोगाचे परीक्षण

शेतकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि मग कृतीकडे वळावे, ही कॅनडात १९४१ साली रूढ झालेली पद्धत युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीच्या क्षेत्रात आणण्यात आली. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे, दहा आठवडे व वीस कार्यक्रम एवढाच तिचा व्याप होता. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांचा त्यावरील ग्रंथ १९५९ साली युनेस्कोने प्रसिद्ध केला.

ग्रंथाचे खरे बळ न्यूराथ यांच्या तुलनेत आहे. श्रोतृमंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी विभागणी करून त्यांनी ज्ञानवृद्धी तपासली. मंडळांच्या गावी ती ठळक आढळली. नुसत्या पेटीने फारसे साधले नाही. दळणवळणाची साधने वाढली की समज आपोआप वाढते, या लाडक्या समजुतीला येथेच छेद जातो. दौंड तालुक्यातील पाटस पुणे–सोलापूर रस्त्यावर आहे, रेल्वेही तेथे थांबते. आज तेथे जगाची वार्ता प्रत्येकाच्या खिशात पोहोचते. पण ती ऐकून चौघांनी वाद घालावा, अशी बैठक फोनबरोबर येत नाही.

तथापि 'ज्ञान' म्हणजे काय, याविषयी ग्रंथाची कल्पना तोकडी वाटते. ठरावीक प्रश्नांची आधी व नंतर मिळालेली उत्तरे ताडून पाहणे सोयीचे खरे. परंतु मंडळे स्वतः जे प्रश्न आकाशवाणीकडे धाडीत, त्यांतच गावाची बुद्धी अधिक प्रकट होते. परीक्षकाचा प्रश्न मोजला जातो. शेतकऱ्याचा प्रश्न पुरवणीसारखा राहतो. आणि दहा आठवडे हा काळ तर एका पिकालाही पुरत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. राष्ट्राराष्ट्रांत सामंजस्य वाढविणे हे युनेस्कोचे घोषित कार्य. त्या दृष्टीने पद्धतीचा प्रवास विलक्षणच : कॅनडातून पुण्याला आणि पुढे १९६४–६५ मध्ये घानाला. परंतु हा प्रवास तज्ज्ञांच्या अहवालांतून झाला. सीमा ओलांडून गेली ती बैठकीची रीत. बैठकीत बसलेला माणूस गेला नाही. पुणे जिल्ह्यातील मंडळाचा प्रश्न आकाशवाणी केंद्रापर्यंत जाई व उत्तर घेऊन परते. तोच प्रश्न कॅनडातील एखाद्या मंडळापुढे ठेवण्याची वाट या योजनेत आखलेली नव्हती.