पलीकडे मेजवानी, घरी उपास

आज एकाच कादंबरीबद्दल बोलू. कॅथरीन व्हॅलेंटे या अमेरिकन लेखिकेची ‘डेथलेस’, २०११ सालची.

दारापलीकडच्या जगाच्या गोष्टी आपण वाचलेल्या आहेत. मूल कपाटातून नाहीतर बिळातून पलीकडे जातं, संकटं झेलतं आणि घरी परततं. घर मात्र जागच्या जागी, सुखरूप. ‘डेथलेस’ हाच भरवसा काढून घेते.

मूळ रशियन लोककथेत मार्या मोरेव्हना ही योद्धी आहे. तिनं साखळ्यांनी बांधलेला कोश्चेई सुटतो आणि तिलाच पळवून नेतो. कादंबरीतली मार्या लेनिनग्राडची मुलगी आहे.

आता बघा, लोककथांचे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९४६ साली एक गोष्ट मांडली. बाबा यागाची कोंबडीच्या पायांवरची झोपडी म्हणजे मृतांच्या राज्याची वेस. नायक तिथं आधी जेवायला मागतो. तो घास पोटात गेला, की पुढची वाट मोकळी होते. म्हणजे खरं दार कुठलं? तर तो घास!

कादंबरीतही तसंच आहे. कोश्चेई मार्याला आपल्या बुयान देशात नेतो, ते वाटेत उंची पदार्थ भरवत भरवत. पुढे ती इव्हानबरोबर घरी परतते आणि शहराला वेढा पडतो. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेनिनग्राडमधल्या मुलांना आणि कामगार नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. मृतांचं राज्य शोधायला जंगलात जावं लागलंच नाही; ते गल्लीत येऊन बसलं. या गोष्टीतला खरा अंधार हा आहे.

पण माझा एक आक्षेप आहे. कादंबरीत कोश्चेई जीवनाचा राजा आणि त्याच्याविरुद्ध लढणारा मृत्यूचा राजा. हे युद्ध वाचायला बहारीचं आहे, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. लेनिनग्राड कुठल्या अमर राजामुळे उपाशी मेलं नाही. जर्मन सैन्यानं ठरवून ते शहर उपाशी ठेवलं. मृत्यूला मुकुट चढवला, की माणसाचा गुन्हा नियतीच्या खात्यावर जमा होतो.

तरीही ही कादंबरी वाचा. वेढ्याच्या प्रकरणांत जादू मागे सरते, भूक तेवढी उरते. आणि तिथंच लेखिका सगळ्यात खरं बोलते.