अद्भुत, चाहता आणि 'लॉजिक'

दूरचित्रवाणीवरील अद्भुतप्रधान मालिकांची दखल मराठी समीक्षा सहसा घेत नाही. घेतलीच तर ती दोन ठरावीक भूमिकांवरून घेतली जाते. या मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, ही एक. आणि त्या केवळ धंदेवाईक करमणूक असल्याने वाङ्मयीन विचाराच्या कक्षेबाहेर पडतात, ही दुसरी. दोन्ही भूमिकांत काही तथ्य आहे. पण त्या मालिका जो रोज पाहतो, त्यांतील विसंगतींवर चिडतो, नट बदलला की अस्वस्थ होतो आणि वाहिन्यांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्याही त्याच आस्थेने वाचतो, त्या चाहत्याच्या प्रतिक्रियेचे स्वरूप काय, हा प्रश्न दोन्हींतही उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः 'रात्रीस खेळ चाले' या झी मराठीवरील मालिकेच्या आधारे करावयाचा आहे. तिची तीन पर्वे 2016, 2019-20 आणि 2021-22 या काळात झाली.

आरंभी एक साधे निरीक्षण नोंदवतो. नोव्हेंबर 2021 मध्ये शेवंताची भूमिका करणाऱ्या अपूर्वा नेमळेकर मालिकेतून बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच तेव्हा लोकलचा पास मिळत होता. ठाकुर्लीहून गाडीत चढल्यावर शेजारच्या दोन गृहस्थांचे संभाषण कानी पडले. "ही काही शेवंता नव्हे," असे एकाने निक्षून सांगितले. मग करार, मानधन, वाहिनीची गणिते यांवर बरीच माहितीपूर्ण चर्चा झाली. आणि मुंब्रा येण्यापूर्वीच तोच गृहस्थ म्हणाला, "पण अण्णानं तिला असं फसवायला नको होतं." शेवंता ही एक नोकरी आहे आणि शेवंता ही एक फसवली गेलेली बाई आहे, ही दोन्ही ज्ञाने एकाच मनात, एकाच श्वासात, परस्परांना धक्का न लावता नांदत होती. आस्वादाच्या रूढ कल्पनांना हे सहज पेलणारे नाही. अविश्वासाच्या स्वेच्छ स्थगितीची जी संकल्पना कोलरिजने 1817 मध्ये मांडली, तिच्यात एक 'स्थगिती' गृहीत आहे. येथे काहीच स्थगित झालेले दिसत नाही.

दशावताराशी परिचित असलेल्या वाचकाला मात्र यात नवल वाटणार नाही. दिवसा शेतावर राबणारा माणूस रात्री विष्णू होऊन उभा राहतो. समोरच्या प्रेक्षकाला त्याचे नाव, गाव, कर्जसुद्धा ठाऊक असते. तरीही तो त्या विष्णूसमोर हात जोडतो. कलावंताविषयीचे लौकिक ज्ञान आणि पात्राविषयीचा प्रत्यय यांत विरोध असलाच पाहिजे, ही कल्पना पडद्याआड दडलेल्या नटाच्या, म्हणजे नागर रंगभूमीच्या सवयीतून आली असावी. उद्योगाच्या बातम्या वाचणारा चाहता या अर्थाने आधुनिक माध्यमांचे अपत्य कमी आणि देवळासमोरच्या मांडवात बसणाऱ्या प्रेक्षकाचा वारस अधिक आहे.

आता 'लॉजिक' या शब्दाकडे वळू. अद्भुत मालिकांच्या चाहत्यांच्या बोलण्यात हा शब्द सतत येतो: 'यात काही लॉजिकच नाही'. भुताखेतांच्या गोष्टीत तर्क शोधणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण ही मागणी जुनी आणि कुलीन आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेच्या ऐन काळात, 1872 मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात असंभाव्यतेचाच आक्षेप घेतला होता. मराठी कादंबरीविचाराचा आरंभच अद्भुताविषयीच्या या तक्रारीने झाला. पुढे हरि नारायण आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यात अद्भुत हे केवळ 'मागे टाकलेले' काहीतरी ठरले. ते बालवाङ्मयात, रहस्यकथांत आणि नारायण धारपांच्या वाचनालयातून फाटेपर्यंत फिरणाऱ्या पुस्तकांत तग धरून राहिले. विद्यापीठीय समीक्षेने धारपांकडे क्वचितच पाहिले. 2018 मध्ये झी मराठीने त्यांच्या 'ग्रहण'वर मालिका केली आणि त्याच वर्षी आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने त्यांच्या कथेचा आधार घेतला, तेव्हा आमच्या विभागांत कोणाची झोपमोड झाल्याचे आठवत नाही.

मराठ्यांची संभाव्यता आणि चाहत्याचे लॉजिक या मात्र एकच गोष्टी नव्हेत. मराठे लोकव्यवहाराशी ताडून पाहतात. चाहता लोकव्यवहाराशी नव्हे, तर त्या कल्पित विश्वाने स्वतःच घालून दिलेल्या नियमांशी ताडून पाहतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण परदेशी आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका 2019 मध्ये संपली, तेव्हा शेवटचे पर्व नव्याने लिहून घ्यावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या सह्या करणाऱ्यांपैकी कोणाचीही तक्रार ड्रॅगनविषयी नव्हती. आग ओकणारा प्राणी त्यांना पूर्ण मान्य होता; राणीने शरण आलेले नगर जाळावे, हे मात्र तिच्या आजवरच्या चरित्रातून निष्पन्न होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शक्य पण अविश्वसनीय घटनेपेक्षा अशक्य पण विश्वसनीय घटना कवीने पसंत करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत या लक्षावधी मंडळींनी, बहुधा तो न वाचताच, आचरणात आणले.

आपल्याकडे या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार अभिनवगुप्ताने केला आहे. त्याने सांगितलेल्या सात रसविघ्नांतील पहिले विघ्न म्हणजे संभावनाविरह. जे घडते आहे ते संभवतच नाही असे वाटले, तर प्रेक्षकाचे चित्त तेथे विसावणारच नाही, मग रस कुठला? आणि समुद्रोल्लंघनासारख्या लोकोत्तर कृत्यांच्या बाबतीत त्याने सुचवलेला उपाय असा की, रामादी प्रख्यात नायकांचा आश्रय घ्यावा. त्यांच्याविषयीची अखंड प्रसिद्धी प्रेक्षकाच्या मनात जो विश्वास खोलवर रुजवून ठेवते, तो असंभाव्याला आधार देतो. 2014 ते 2017 या काळात चाललेल्या 'जय मल्हार'चे यश या सूत्राने नेमके उलगडते. खंडोबा, म्हाळसा, बाणू ही नावेच तेथे संभावनेचे काम करीत होती. जेजुरीला ज्याच्या घराण्याचा कुळाचार आहे, त्याला तांत्रिक करामतीचा कच्चेपणा खटकत नव्हता, कारण त्याचा प्रत्यय पडद्यावर अवलंबून नव्हताच. तेथे चाहता आणि भक्त यांतील सीमारेषाही पुसट होती.

'रात्रीस खेळ चाले'जवळ असे प्रख्यात नाव नव्हते. नाईकांचे घराणे कल्पित, अण्णा नाईक कल्पित. मग संभावनेचे काम कोणी केले? माझ्या मते ते स्थळाने आणि भाषेने केले. आकेरीचा वाडा, माडांतून येणारा वारा, मृत्यूनंतरची विधींची उतरंड, गाऱ्हाणे, आणि मुख्य म्हणजे संवादांत मोकळेपणाने आलेली मालवणी. पांडूचे 'इसारलंय' हा शब्द घाटावर, वऱ्हाडातही मुलांच्या तोंडी बसला, यात केवळ विनोद नाही. प्रमाण मराठीत भूत उभे राहिले तर ते नाटकी वाटते. मालवणीत उभे राहिले की ते कोणाच्या तरी आजीने सांगितलेले असते. प्रख्यात नायकाची जागा येथे प्रख्यात प्रदेशाने घेतली. कोकण आणि भूत यांचा संबंध मराठी मनात इतका पक्का आहे की अभिनवगुप्ताचा 'रूढ प्रत्यय' आयताच हाती आला. (याच रूढ प्रत्ययामुळे 2016 मध्ये मालिकेवर अंधश्रद्धेचा आणि कोकणाच्या बदनामीचा आक्षेप घेतला गेला. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. दाभोलकरांच्या हत्येला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तो आक्षेप हास्यास्पद नव्हता.)

तिन्ही पर्वांचा क्रम मात्र समीक्षकाला अधिक विचार करायला लावतो. तोदोरोव्हने 1970 मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली, तिचा गाभा 'दोलायमानता' हा आहे: घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे ठरत नाही तोवरच ते खरे अद्भुत. पहिल्या पर्वात ही दोलायमानता होती. अण्णा आरंभीच मरतात. त्यांच्या दिवसांसाठी जमलेले कुटुंब, इस्टेटीचे हेवेदावे, एकामागून एक विपरीत घटना, आणि भुताटकी व माणसाची करणी या दोन्ही शक्यता शेजारी शेजारी. भय होते ते अण्णांच्या अनुपस्थितीचे. 2019 च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि माधव अभ्यंकरांनी उभे केलेले जिवंत अण्णा केंद्रस्थानी आले. 2021 च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुते म्हणूनच वावरू लागली. ती आहेत की नाहीत, हा प्रश्न उरलाच नाही. म्हणजे संदेहाकडून निश्चितीकडे, आणि रसाच्या परिभाषेत बोलायचे तर भयानकाकडून शृंगार व हास्य यांच्या एका विचित्र मिश्रणाकडे हा प्रवास झाला.

या प्रवासात चाहत्याच्या आवडीचा वाटा मोठा आहे. लोकांना अण्णा हवे होते, शेवंता हवी होती, आणि दैनंदिन मालिकेचे अर्थकारण असे आहे की जे हवे ते अधिक द्यावे लागते. दुसऱ्या पर्वातले अण्णा कोण आहेत? जमिनी बळकावणारा, बायकोला झोडपणारा, खून पचवणारा जमीनदार. पहिल्या पर्वात ज्याच्या पापाची सावली पुढच्या पिढीवर पडते, तो दुसऱ्यात करमणुकीचा धनी होतो. त्याची लकब, त्याची नजर, त्याचा दरारा यांच्या नकला होतात. माई, म्हणजे त्याची बायको, हे पर्वाचे खरे दुःखद केंद्र होते. शकुंतला नरे यांनी ती भूमिका संयमाने केली. पण चाहत्यांच्या चर्चेत माईचे स्थान शेवंताच्या मानाने फारच किरकोळ राहिले. 'अण्णा असे वागले यात लॉजिक आहे का?' हा प्रश्न विचारला गेला; 'अण्णा आपल्याला का आवडतात?' हा विचारला गेला नाही.

येथे चाहत्याच्या समीक्षेची मर्यादा दिसते. ती विश्वाच्या अंतर्गत सुसंगतीची पहारेकरी आहे. कोणते पात्र कोणत्या प्रसंगी काय बोलले होते, याची तिची स्मृती पदव्युत्तर विद्यार्थ्याला लाजवील अशी असते. हेन्री जेन्किन्सने 1992 मध्ये चाहत्यांना संहितेच्या रानातील चोरटे शिकारी ठरवून त्यांच्या सर्जकतेचा जो गौरव केला, तो अगदी निराधार नाही. पण शिकाऱ्याने रान कोणाचे आणि तेथे काय लावले जाते, हेही विचारावे लागते. पहारेकरी दार सांभाळतो. घरात काय चालले आहे ते पाहणे त्याच्या कामात येत नाही.

उद्योगाच्या बातम्यांचे स्थान मला याच संदर्भात महत्त्वाचे वाटते. त्या रसविघ्न ठरतात, असे आरंभी मलाही वाटत होते. आता तसे वाटत नाही. 2023 मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी 148 दिवस संप केला. झी आणि सोनी यांचे विलीनीकरण दोन वर्षे गाजून जानेवारी 2024 मध्ये मोडले. अशा बातम्या अद्भुताचा चाहता ज्या उत्कंठेने वाचतो, ती कथानकाविषयीच्या उत्कंठेहून भिन्न जातीची नाही. 'पुढे काय होईल?' या प्रश्नाला 'पुढे काही होईल का?' हा प्रश्न येऊन मिळालेला असतो. कल्पित विश्वाचे प्रलय आता त्या विश्वाच्या देवता घडवीत नाहीत. मार्च 2020 मध्ये चित्रीकरणे बंद पडली तेव्हा नाईकांचा वाडा जसा गोठला, तसा कोणत्याही मांत्रिकाने गोठवला नसता. मात्र एवढे जाणणारा चाहता त्या जाणिवेचा उपयोग संहिता वाचण्यासाठी करीत नाही. मानधनाची माहिती त्याला आहे, पण दररोज एक भाग पुरवण्याच्या सक्तीनेच अण्णांचा खलनायक झिजून लाडका झाला, हा संबंध तो जोडत नाही. तो जोडणे हे समीक्षकाचे काम होते, आणि समीक्षक तेव्हा तेथे हजर नव्हता.

तो का नव्हता, याचे उत्तर देताना स्वतःला वगळता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी याच मालिकेचा विषय आणला होता. तिची टिपणे चोख होती. तिन्ही पर्वांतील गाऱ्हाण्यांची तिने स्वतंत्र नोंद ठेवली होती. मी तिला विचारले, 'संहिता कोणती धरणार? शेकडो भाग, दोन शेवंता, लेखक बदलत गेलेले. उद्या हे भाग काढून टाकले तर अवतरण कशाचे देणार?' प्रश्न रीतसर होता. 'मुक्तामाले'च्या आवृत्त्यांविषयी तो मी कधी विचारला नव्हता, हे तेव्हा लक्षात आले नाही. तिने विषय बदलला आणि ग्रामीण कथेवर काम करून पदवी घेतली. गाऱ्हाण्यांची ती वही मी परत मागवली आहे. ती अद्याप आलेली नाही.